आठ खुणा आणि एक फुली: कोल्हापुरातल्या एका फौंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात कोल्हापूरच्या फौंड्र्या पसरल्या आहेत. त्यांपैकी एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत हे घडलं. तिचं नाव देत नाही, माणसांचीही नावं देत नाही. मी राजारामपुरीत ग्राफिक डिझाइनचं काम करते. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे दिशाफलक, गुळाच्या पॅकिंगची लेबलं हे माझं रोजचं काम. फौंड्रीत त्याआधी मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळून साचा करतात, पोकळ भागासाठी आत कोअर, म्हणजे वाळूचाच गाभा, बसवतात आणि १३५० ते १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस त्यात ओततात. ओतलेला भाग, म्हणजे जॉब, थंड झाला की साचा फोडून बाहेर काढतात. मग शॉट ब्लास्टिंगमध्ये त्याला चिकटलेली वाळू निघते आणि तो फेटलिंगला येतो. फेटलिंग म्हणजे ग्राइंडर, छिन्नी, धूळ आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही इतका आवाज. तिथेच जॉब तपासला जातो. दोष दिसला की तपासणारा त्या जागी सोपस्टोनच्या कांडीनं खूण करतो. पुढचा माणूस ती खूण बघून जॉब दुरुस्तीच्या टेबलावर ठेवतो, भंगाराच्या ढिगात टाकतो किंवा ज्या खात्याची चूक आहे त्यांना दाखवायला पाठवतो.

ही खूण चार-पाच माणसांच्या हातांतून जाते. करणारा चंदगडचा, वाचणारा ओडिशाचा, गाडीवर चढवणारा बिहारचा, रात्रपाळीचा सुपरवायझर निपाणीकडचा. एका शेडमध्ये पाच भाषा बोलल्या जातात. लिहिता-वाचता बहुतेकांना येतं, पण सगळ्यांना येते अशी एक लिपी नाही.

अडचण

जुन्या खुणा इंग्रजी अक्षरांच्या होत्या. ब्लो होलला (वायूमुळे पडलेलं भोक) बीएच, मिसमॅचला (साच्याचे दोन भाग सरकणं) एमएम, सँड होलला (अडकलेल्या वाळूचं भोक) एसएच. आणि श्रिंकेजलाही एसएच.

कागदावर हा घोळ कुणाच्याही लगेच लक्षात येईल. शेडमध्ये तो कित्येक वर्षं कुणाला खटकला नाही, कारण दिवसपाळीचे जुने तपासनीस जॉब बघूनच सांगायचे की हा कुठला एसएच. त्यांच्या दृष्टीनं अक्षरं नावापुरती होती. त्यांतले दोघं निवृत्त झाले. नंतर पंप बॉडीच्या एका लॉटवर एसएच पडलं आणि सँड होल समजून तो लॉट मोल्डिंग खात्याच्या माथी गेला. त्यांनी वाळूतली ओल तपासली, बेंटोनाइटचं प्रमाण बदललं, चाळण नवी टाकली. आठवडा गेला आणि जॉब तसेच येत राहिले. दोष होता श्रिंकेजचा. लोखंड गोठताना आकसतं. त्या वेळी रायझरमधून, म्हणजे साच्यातल्या जादा रसाच्या साठ्यातून, पुरेसा रस मिळाला नाही तर आत पोकळी राहते. वाळूचा यात काही हात नव्हता, रायझर बदलायला हवा होता. मोल्डिंगच्या माणसांनी आठवडाभर दुसऱ्याच्या चुकीचं ओझं वाहिलं आणि बोलणीही खाल्ली. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

त्याच सुमारास ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये शेरा आला की दोषांच्या खुणा भाषेवर अवलंबून नसाव्यात. मग फौंड्रीनं घाईघाईत चौदा चित्रांचा एक तक्ता भिंतीवर लावला. चित्रं मिळतील तिथून गोळा केलेली. एकात जॉबचा आडवा छेद दाखवलेला, एकात थर्मामीटर, एकात विजेसारखी तडतडती भेग, एकात चक्क भिंगातून बघणारा माणूस. काही रंगीत, काही काळी-पांढरी, प्रत्येकाची रेघ वेगळ्या जाडीची. "ही सगळी एकसारखी करून द्या" एवढंच माझं काम आहे, असं मला सांगण्यात आलं.

पहिल्याच दिवशी मी तक्त्यासमोर अर्धा तास उभी राहिले. तक्त्याकडे कुणी बघत नव्हतं. जॉबवर अजून एसएचच लिहिलं जात होतं, कारण भिंगातून बघणारा माणूस खडूनं कोण काढणार? चित्रं एकसारखी केल्यानं तक्ता चांगला दिसला असता, जॉबवर काहीच बदललं नसतं. म्हणून मी काम बदलून मागितलं: हातात मोजा असताना, पाच सेकंदांत, खडबडीत लोखंडावर काढता येतील अशा खुणा.

समोर असलेले पर्याय

क्वालिटी मॅनेजर साहेबांना आकडे हवे होते. "मॅडम, आकडे सगळ्यांना येतात. एक ते चौदा, विषय संपला." त्यांचं म्हणणं वजनदार होतं आणि आजही मला ते पूर्ण खोडून काढता येत नाही. दोन गोष्टी मात्र आड आल्या. जॉबवर आधीच आकड्यांची गर्दी असते: हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या खेपेचा रस), पॅटर्न नंबर, पेटीतली मोजणी. त्यात आणखी एक आकडा हरवणार. दुसरं म्हणजे जॉब पॅलेटवर कसाही पडतो. इंग्रजी सहा उलटा पडला की नऊ होतो.

रंगांचे स्टिकर हा दुसरा पर्याय. धूळ बसलेल्या कोमट लोखंडावर ते चिकटत नाहीत. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. शिवाय लाल-हिरव्यात गफलत होणारा माणूस प्रत्येक पाळीत एखादा तरी निघतोच.

पत्र्याच्या स्टेन्सिलनं चित्र फवारायचं, हा तिसरा. पंप बॉडीला सपाट जागा मिळणं मुश्कील, आणि चौदा स्टेन्सिल पहिल्याच महिन्यात कुठेतरी गहाळ होणार हे स्टोअरवाल्यानंच सांगितलं.

उरल्या हातानं काढायच्या खुणा. त्या शिकवाव्या लागणार होत्या, हा त्यांचा तोटा. अमेरिकेच्या झेड ५३५ या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात चिन्ह पास व्हायला ८५ टक्के लोकांनी बरोबर अर्थ सांगावा लागतो, आणि घातक असा उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. न शिकवता हे गाठायचं असेल तर चित्रच लागतं. पण ही अट रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. आमचा वाचणारा रोज आठ तास तेच जॉब हाताळतो. खूण बघताक्षणी समजली नाही तरी चालेल, एका पाळीत शिकता आली पाहिजे, असं आम्ही ठरवलं. दुसरी अट मात्र कडक ठेवली: एक खूण दुसरीसारखी कधीच दिसता कामा नये. या दोन अटींपैकी कुठली सैल करायची हे ठरल्यावर पुढचं सगळं सोपं झालं असं मला वाटलं होतं. पुढे कळलं की दुसरी अट मी स्वतःच मोडणार होते.

किती खुणा ठेवायच्या

चौदा चित्रांतल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: ही खूण वेगळी असल्यामुळे जॉब वेगळ्या ठिकाणी जातो का? पिनहोल आणि ब्लो होल दोन्ही वायूमुळे होतात आणि दोन्ही एकाच टेबलावर जातात. मग एकच खूण. स्लॅग (वितळलेल्या लोखंडावरचा मळ) आणि सँड दोन्हींमध्ये लोखंडात परकी वस्तू अडकलेली असते, दिसायलाही पुष्कळदा सारखी. तरी स्लॅगची तक्रार भट्टीकडे जाते, सँडची मोल्डिंगकडे. ती एकत्र केली असती तर एसएचचा घोळ नव्या रूपात परत आला असता. म्हणून ती वेगळी ठेवली.

मोडी लिपीत ही गोष्ट फार सुंदर सोडवलेली आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे माहीत असेल. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. वेग हवा म्हणून मोडीनं वेलांटीतला आणि उकारातला ऱ्हस्व-दीर्घ फरक सोडून दिला, कारण तो वाचणाऱ्याला संदर्भावरून भरून काढता येतो. क आणि ख यांतला फरक तिनं सोडला नाही. आमच्याकडेही कुठला फरक टाकायचा आणि कुठला जपायचा, हाच प्रश्न होता. चौदातल्या आठ उरल्या: ब्लो होल, श्रिंकेज, सँड, स्लॅग, कोल्ड शट (रसाच्या दोन धारा एकजीव न होणं), क्रॅक, मिसमॅच आणि कोअर शिफ्ट (कोअर जागेवरून सरकणं).

पडद्यावर की जॉबवर

इथे माझा एक महिना गेला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओट्ल आयशर यांनी केलेली खेळांची चिन्हं मी विद्यार्थी असताना गिरवली होती. चौकोनी जाळी, आडव्या-उभ्या रेघा आणि ४५ अंशांच्या तिरक्या, बस. त्यांतला धावणारा आणि पोहणारा एकाच घरातले वाटतात. मीही तशीच जाळी आखली, सगळ्या रेघा एका जाडीच्या, सगळी टोकं गोल. आठ खुणा पडद्यावर इतक्या नेटक्या दिसत होत्या की त्या छापून मी आनंदानं फेटलिंगला घेऊन गेले.

फेटलिंगचे मुकादम साठीच्या घरातले आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी कागद नीट बघितला, कौतुकही केलं. मग खिशातली सोपस्टोनची कांडी माझ्या हातात दिली. "ताई, एक काढून दाखवा की जॉबवर."

जॉबचा पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा असतो. कांडी सरकत नाही, उड्या मारते. वळण घेताना तिचं टोक झिजून रेघ अचानक दुप्पट रुंद होते. मी सँडसाठी तीन टिंबं ठरवली होती. ती टेकवली आणि लगेच दिसेनाशी झाली, कारण शॉट ब्लास्टिंगनंतर जॉबवर असे पांढुरके ठिपके शेकडो असतात. कोल्ड शटसाठी मी मध्ये फट असलेली रेघ ठेवली होती. पण कांडी उडाली की कुठलीही रेघ तुटते, मग मुद्दाम ठेवलेली फट कशी ओळखायची? कोअर शिफ्टसाठी गोलात एका बाजूला टिंब होतं, ते गोलाच्या रेघेत मिसळून गेलं.

इ.स.पू. ३३०० च्या सुमारास मेसोपोटेमियात उरुकला ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहायला सुरुवात झाली तेव्हा डोकं, मासा, जवाचं कणीस अशी चित्रंच काढली जात होती. बोरूनं ओल्या मातीत वळण ओढलं की माती कडेला गोळा होते. म्हणून ओढणं मागे पडत गेलं, बोरू नुसता दाबायला लागले, आणि काही शतकांत माशाचं चित्र पाचरींचा पुंजका झालं. मातीला आणि बोरूला जे झेपलं तेच टिकलं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. आबांच्या कांडीनं ते माझ्या हाताला शिकवलं.

मग पडदा बंद केला. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज पंधरा मिनिटं मागून घेतली. बारा जणांना एकेक रद्दी जॉब दिला, तक्त्यावरचं चित्र दाखवायचं, झाकायचं आणि दहा सेकंदांत कांडीनं काढायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचीच काढलेली खूण दाखवून पुन्हा काढायला सांगायचं. चार दिवसांत चित्रं आपोआप गळत गेली. जॉबचा छेद पहिल्या दिवशीच गेला. ब्लो होलच्या चित्रातले सहा बुडबुडे तिसऱ्या दिवशी एकच गोल झाले. श्रिंकेजमधली खचलेली, नरसाळ्यासारखी पोकळी सगळ्यांच्या हातून त्रिकोण होऊन आली, मी न सांगता.

सँडपाशी मात्र अडलं. वाळूचं रेघेत काय काढायचं? ओडिशाच्या एका मुलानं दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा मारल्या. बाकीच्यांनी बघितल्याबरोबर मान डोलावली. चाळण! वाळू म्हटली की चाळण. चार रेघा लागतात, आणि मी तीनची मर्यादा घातली होती. तरी ती ठेवली, कारण ती कुठूनही बघितली तरी चाळणच दिसते.

स्लॅगला आबांनी नाव दिलं: मळी. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळला की वर मळी येते, ती काढली नाही तर गूळ काळा पडतो. लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या पात्रातल्या, रसावरही तसाच मळ तरंगतो, तो नीट काढला नाही तर जॉबमध्ये जातो. खूण म्हणजे कांडी आडवी धरून घासलेला एक भरीव पट्टा. रेघांच्या घरात ही एकच भरीव खूण, त्यामुळे दुसऱ्या कशाशी गल्लत होण्याची भीतीच नाही.

कोअर शिफ्टची खूण मला सगळ्यात आवडते. कोअर सरकला की जॉबची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. गोल भोकाच्या जॉबचा छेद घेतला तर जाड बाजू चंद्रकोरीसारखी दिसते. शेडमध्ये कोअरला सगळे 'कोर'च म्हणतात. कोर सरकला की कोर काढायची. मराठी येणाऱ्यांना ती नावावरून लक्षात राहिली, बाकीच्यांना आकारावरून.

प्रत्येक खुणेला असं एका शब्दाचं नाव असणं किती कामाचं आहे हे मला आधी कळलं नव्हतं. रात्रपाळीतून फोन येतो, "दोन चाळण, एक कोर", आणि समोरच्याला बरोबर कळतं.

गुजरीतला साज

खुणा तर मिळाल्या, पण त्या एका घरातल्या दिसत नव्हत्या. गोल मोठा निघायचा, त्रिकोण टोकदार, मळीचा पट्टा जडशीळ. जाळीवर मोजून हे सुटेना. माझी एक मावशी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एका कारागिराकडे साज गाठवायला देते. तिच्याबरोबर गेले होते तेव्हा काळ्या मखमलीवर साजाची पानं मांडलेली होती. परंपरेनं साजात २१ पानं सांगतात: दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरलं. हल्ली वापरायच्या साजात दहा-बाराच असतात. मासा, कासव, कमळ, चंद्र, शंख, नाग, भुंगा. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर बसवून आत लाख भरलेली.

एरवी बघितलेला साज त्या दिवशी मी वेगळ्या नजरेनं पाहिला. मासा आणि कमळ यांत काहीच सारखं नाही, तरी जवमण्यांमध्ये ओवल्यावर कुठलंही एक पान पुढे उडी मारत नाही. मी पट्टीनं मोजलं. मासा उंचीला कमी आणि रुंदीला जास्त होता, चंद्र उलट. उंची-रुंदी कुणाचीच जुळत नव्हती. डोळ्याला जाणवणारं वजन मात्र सगळ्यांचं सारखं होतं. माशाचे खवले म्हणजे चार रेघा, कासवाची पाठ म्हणजे चार रेघा. एकाला सोळा आणि दुसऱ्याला दोन असं कुठे नव्हतं. कारागिराला विचारलं तर म्हणाले, "मासा हुबेहूब दिसावा असं न्हाई. शेजारच्या कासवागत दिसू नये, आणि त्याच्यापेक्षा जड वाटू नये, एवढं बघायचं."

त्यानंतर मी आकाराचं माप सोडलं. नियम एवढाच केला की प्रत्येक खूण तळहाताएवढी, आणि कुठल्याही खुणेत कांडीचा एकूण प्रवास साधारण सारखा. गोल लहान झाला, मळीचा पट्टा आखूड झाला, क्रॅकच्या नागमोडी रेघेला तीन वळणं ठरली. आठ जॉब ओळीनं ठेवून तीन मीटरवरून बघितलं, मग जॉब पालथे करून, आडवे करून पुन्हा बघितलं. वर-खाली किंवा डावं-उजवं यावर अर्थ टिकलेला आहे अशी एकही खूण ठेवली नाही.

दोष कळल्यावर पुढे काय, यासाठी कपड्यांच्या लेबलवरची युक्ती घेतली. तिथे टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि गोल या मूळ खुणा असतात आणि फुली मारली की 'हे करू नका'. मूळ खूण तीच, वर एक जोड. आम्ही दुरुस्त होण्यासारख्या दोषाच्या खुणेभोवती कडं काढायचं ठरवलं. कड्याला वर-खाली नसतं.

फुलीची चूक

मिसमॅच म्हणजे साच्याची वरची आणि खालची पेटी सरकणं. त्याला एकमेकींवरून सरकलेल्या दोन समांतर रेघा झाल्या. राहिला कोल्ड शट. रसाच्या दोन धारा साच्यात समोरासमोर येतात, पण थंडावलेल्या असल्यानं एकजीव होत नाहीत. सांध्यावर दोन्हींच्या कडा गोलसर राहतात. मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मी पाठीला पाठ लावलेले दोन कंस काढले आणि चाचणीत न घालता थेट तक्त्यात टाकले. दहा सेकंदांच्या खेळात कोल्ड शट आला नव्हता, कारण त्या आठवड्यात तसा रद्दी जॉबच मिळाला नाही. मी थांबायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीनं कोल्ड शटचे अकरा जॉब बाजूला काढले. दोष वरवरचा होता, घासून निघाला असता. खुणा घाईत काढलेल्या, कंसांच्या पाठी एकमेकींत घुसलेल्या, आणि त्याभोवतीची कडी अर्धवट. पहाटे भंगारावरच्या माणसानं बघितली ती सरळ फुली. फुली म्हणजे भंगार हे या शेडमध्ये कुणी शिकवलेलं नाही, ते पूर्वापार आहे. त्यानं घणानं अकराही जॉब फोडले आणि भट्टीत वितळवायच्या सकाळच्या चार्जमध्ये टाकले.

त्याची काही चूक नव्हती, आणि मी ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, कारण आधी त्याच्याकडेच बोट दाखवलं गेलं होतं. मी आठ खुणा एकमेकींशी ताडून बघितल्या होत्या. शेडमध्ये आधीपासून वापरात असलेल्या खुणांशी ताडायचं मात्र राहून गेलं. नंतर आबांबरोबर एक दिवस फिरून अशा खुणांची यादी केली: फुली, बरोबरची खूण, मोजणीच्या उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, माप चुकलं की बाण. चार खुणा, कुठल्याच तक्त्यावर नसलेल्या, आणि सगळ्यांना पाठ.

कोल्ड शटला नवी खूण मोल्डिंगमधल्या एका बाईंनी दिली: एक धार आली आणि दुसरीला अडून थांबली. आडव्या रेघेवर टेकलेली उभी रेघ. शेडमध्ये तिचं नाव पडलं 'थांबा'. क्रॅकसाठी पूर्वी माझ्या मनात शेतातल्या भेगेसारखी तीन फाट्यांची खूण होती. नागमोडी रेघेमुळे ती आधीच बाद झाली होती हे बरं झालं, नाहीतर 'थांबा' तिच्याशी भिडला असता.

आज काय स्थिती आहे

या गोष्टीला आता सात महिने झाले. एसएच जॉबवर दिसत नाही. चुकीच्या खात्याकडे लॉट गेल्याची तक्रार फेटलिंगच्या वहीत शेवटची आली ती फुलीच्या आठवड्यात. नवीन माणूस पहिल्या पाळीच्या शेवटी आठही खुणा सांगतो, चुकला तर मळीत आणि चाळणीत चुकतो, कारण मुळात त्याला दोषच वेगळे ओळखता येत नसतात. ते शिकवणं खुणांच्या हातात नाही. रिजेक्शन कमी झालं असं मी म्हणणार नाही. खुणा दोष थांबवत नाहीत. पण श्रिंकेज दिसला की आता त्याच दिवशी रायझरची चर्चा होते.

संगणकावर या खुणा नाहीत. रोजचा रिपोर्ट भरणाऱ्या मुलीला कोर कुठल्या बटणावर आहे हे कोण सांगणार? तिथे साहेबांचे आकडे आले: एक ते आठ, प्रत्येक खुणेला एक. जॉबवर खूण, रिपोर्टात आकडा. साहेबांचा पर्याय आपण पूर्ण नाकारायला नको होता, त्याला त्याची जागा द्यायला हवी होती, हे मला तेव्हा दिसलं. ऑडिटसाठीच्या तक्त्यावर खुणेशेजारी दोषाचा खरा फोटो आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला आठवडा मी काही काढणार नाही. आधीच्या खुणांची यादी करीन, भिंतीवरच्या नव्हे, हातांतल्या. आणि ती रात्रपाळीत जाऊन करीन. माझ्या बारा जणांत रात्रपाळीचे फक्त दोघं होते, आणि चूक झाली ती रात्रीच.

जाळीवर घालवलेला महिना वाया गेला असं मात्र म्हणवत नाही. त्या नेटक्या खुणा चुकीच्या होत्या, पण आबांच्या हातात द्यायला माझ्याकडे काहीतरी होतं म्हणूनच त्यांनी मला कांडी दिली.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. लॅबला पिनहोल आणि ब्लो होल वेगळे हवे आहेत, कारण त्यांची कारणं वेगळी असू शकतात. मी नववी खूण द्यायला विरोध केला, जॉब एकाच टेबलावर जातो हे कारण सांगून. गेल्या महिन्यात शेडमध्ये गेले तर दोन-तीन जॉबवर गोलाच्या आत एक छोटी तिरकी रेघ होती. कुणी सुरू केली ते कुणालाच सांगता येईना. आबा म्हणाले, ज्याला पिनहोल वाटतं तो मारतो. मी त्यांना ती पुसायला सांगितली नाही. तक्ता पुन्हा छापायचा होता, तो थांबवून ठेवलाय.